विश्लेषण : अंगणवाडी दुपारनंतरही उघडी ठेवायची, तर पैसे गावाने द्यावेत का?

औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. या धरणाचे पाणी हिंगोली शहराच्या नळांना येते आणि कालव्याने वसमतपर्यंतचे शिवार भिजवते. पाण्याबरोबर शेतात कामही येते आणि त्यातले बरेचसे काम बायकांच्या हातून होते. सोयाबीनची काढणी, कापूस वेचणी, हरभरा आणि त्यानंतर हळदीचा हंगाम. सकाळी भाकरी बांधून घरातून निघालेली बाई परत येते ती दिवस मावळताना. अंगणवाडीत मात्र आहार वाटून झाला, की दुपारीच पोरे घराकडे निघतात.

दुपारपासून संध्याकाळपर्यंतच्या या चार-पाच तासांत तीन वर्षांचे मूल कोणाकडे असते? प्रत्येक घरात उत्तर वेगळे मिळेल. कुठे आजीकडे, कुठे तिसरी-चौथीतल्या बहिणीकडे, कुठे बांधावरच्या झोळीत. काही घरांत कोणाकडेच नाही. ज्या गावाच्या शिवारात कालवा आणि विहिरी आहेत आणि हळद शिजवण्याच्या दिवसांत उकळत्या कढया आणि वाफेचे कुकर पेटलेले असतात, तिथे हे शेवटचे उत्तर फार धोक्याचे आहे.

अंगणवाडी दिवसभर चालवावी, ही मागणी त्यामुळे नवी नाही. अडते ते पैशापाशी. ग्रामपंचायतीची तिजोरी तशीच तोकडी आणि पंचवीस-तीस मुलांसाठी वर्षभराचा खर्च अंगावर घ्यायचा म्हटले, की बैठकीत शांतता पसरते. तरीही गावाने हा खर्च करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तो नव्या खोलीवर किंवा ‘केजी’च्या पाटीवर करू नये. एका जादा बाईचे मानधन आणि मुलांचा दुपारचा खाऊ एवढ्यावरच करावा आणि सुरुवातीला हंगामापुरताच करावा.

सरकारी अंगणवाडी असताना वेगळा खर्च कशाला?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मातांना आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही तिची कामे. आई कामावर असताना मूल सांभाळणे हे या योजनेचे काम म्हणून कधी ठरलेच नव्हते. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, तिथे एक सेविका आणि एक मदतनीस, अशी रचना. सेविकेने मुलांना गाणी शिकवायची, वजने घ्यायची, गरोदर मातांच्या घरी जायचे, पोषण ट्रॅकरवर माहिती भरायची आणि निवडणूक किंवा सर्वेक्षण आले की तेही करायचे. एवढे करून तिने संध्याकाळी सहापर्यंत पोरे सांभाळावीत म्हणणे म्हणजे आधीच लादलेल्या बैलगाडीत आणखी दोन पोती टाकणे.

यातली गंमत अशी, की महाराष्ट्रात अंगणवाडीच्या कल्पनेची सुरुवात झाली, तेव्हा मूल सांभाळण्याचा प्रश्न केंद्रस्थानी होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना आणखी एक गोष्ट दिसली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. ताराबाईंच्या ‘विकासवाडी’ने यावर काढलेला मार्ग साधा होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकट्याला पाळण्यात ठेवायचे आणि थोरलीने वर्गात बसायचे.

सरकारने अंगणवाडी हा शब्द उचलला, पाळणाघर मात्र मागेच राहिले. गावात तिसरी-चौथीतल्या मुली दुपारनंतर शाळेत का दिसत नाहीत, हे विचारायला वेगळी समिती नेमायची गरज नाही.

कायदा काय सांगतो?

फारसे काही नाही. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा वयोगटासाठी त्याच्या कलम ११ मध्ये सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ इतकेच म्हटले आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा उल्लेख आला, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी कोर्टात हक्क सांगता येत नाही.

पाळणाघराबाबतही कायद्याची नजर कारखान्यावर आणि कचेरीवर राहिली. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. शेतात वेचणीला जाणाऱ्या बाईची कुठली आस्थापना? तिचा मालक रोज बदलतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मात्र कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेला नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. मूल सांभाळणे हे मजुरी देण्याजोगे काम आहे, हे सरकारने कागदावर मान्य केल्याचा हा पुरावा. गावाच्या ठरावात तो वापरता येईल.

केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे ना?

आहे. ‘मिशन शक्ती’अंतर्गत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ही योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, महिन्याचे २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. कागदावर सिद्धेश्वरला हवे ते सगळे यात आहे. पण देशभरात उद्दिष्ट ठेवले गेले ते १७ हजार पाळणाघरांचे आणि अंगणवाड्या आहेत सुमारे १४ लाख. म्हणजे ऐंशीहून अधिक अंगणवाड्यांमागे एक पाळणाघर. आपला नंबर लागेपर्यंत थांबायचे ठरवले, तर आज अंगणवाडीत असलेले पोर मिशी फुटल्यावर पाळणाघर पाहील.

शिवाय आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे काय झाले, तेही आठवावे. २०१५ च्या सुमारास देशात तिची २३ हजारांच्या घरात केंद्रे होती. २०१७ मध्ये खर्चाच्या वाटणीचे सूत्र बदलले, केंद्राने हात आखडता घेतला आणि २०१९ पर्यंत केंद्रे साडेसहा हजारांच्या आसपास उरली. योजना वरून येते आणि वरूनच आटते. त्यासाठी अर्ज जरूर करावा, पण आपल्या मुलांची दुपार केवळ तिच्या भरवशावर सोडू नये.

मग पैसा कुठून आणायचा?

बहुतेक चर्चा इथेच भरकटते, म्हणून जरा सावकाश पाहू.

ग्रामपंचायतीकडे ढोबळमानाने दोन प्रकारचा पैसा येतो. एक वित्त आयोगाचा आणि दुसरा स्वतःचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली होती. उरलेली ४० टक्के अबंधित, पण तीही पगार आणि आस्थापनेवर खर्च करायची नाही, अशी अट. गावोगाव पेव्हर ब्लॉक, कमानी आणि सिमेंटचे रस्ते का दिसतात आणि माणूस नेमायचा म्हटले की ग्रामसेवक मान का हलवतात, याचे बरेचसे कारण या अटीत आहे. वस्तू घेता येते, माणसाचा मोबदला देता येत नाही.

राहिले स्वउत्पन्न, म्हणजे घरपट्टी, नळपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजाराची फी. या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींवर आहे. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के, हे त्याच्या जोडीचे नियम. ती दहा टक्के रक्कम प्रत्यक्षात कशी जाते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. एखादे शिलाई मशीन, अंगणवाडीला खुर्च्या, भिंतीवर आंबा-केळ्यांची चित्रे आणि मार्च जवळ आला की घाईघाईने भांड्यांची खरेदी. चित्रे वाईट नसतात, पण ती दुपारी बाराला कुलपाआड जातात.

आता हिशेब मांडू. आकडे कोणत्याही विशिष्ट गावाचे नाहीत, आपापल्या गावाचे घालून पाहावेत. समजा, पंचायतीची वर्षाची वसुली आठ लाख आहे. दहा टक्के म्हणजे ८० हजार. ऑक्टोबर ते मार्च, वेचणीपासून हळदीपर्यंतचे सहा महिने धरले. गावातल्याच एका बाईला दुपारी बारा ते सहासाठी महिन्याला सहा हजार दिले, तर ३६ हजार होतात. पंचवीस मुलांना दुपारचा खाऊ, मुलामागे आठ रुपये, महिन्याचे २५ दिवस. सहा महिन्यांचे ३० हजार. एकूण ६६ हजार. उरलेल्या चौदा हजारांत सतरंज्या, पाण्याचा पिंप, प्रथमोपचाराची पेटी आणि दाराला धड कडी.

हे जमते. वर्षभर चालवायचे म्हटले, तर हाच खर्च मानधन आणि खाऊ मिळून १ लाख ३२ हजारांवर जातो आणि मग जमत नाही. म्हणूनच हंगामापुरते.

वसुली चार लाखच असेल, तर हातात ४० हजार येतात. त्यात बाईचे मानधन भागते, खाऊचे भागत नाही. तिथे प्रत्येक घराने दिवसाला पाच रुपये घातले, तर हंगामात सुमारे १८ हजार ७५० रुपये जमतात. बाकी डाळ, गूळ, शेंगदाणे गावातून उभे राहू शकतात. सप्त्याला पोत्यांनी धान्य देणारे हेच गाव आहे.

आठ रुपयांचा दर मुद्दाम घेतला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या अंगणवाडीतल्या दिवसभराच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला दर तोच आहे. त्यात तेव्हा ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने बसवायची होती. आठ रुपयांत आज चहाही मिळत नाही, हे वाचकांना सांगायला नको. पण दुपारी मूठभर भाजके शेंगदाणे आणि गूळ देण्यापुरते ते पुरतात.

महिन्याला सहा हजार ही रक्कम कमी आहे, हेही मान्य करायला हवे. केंद्राचा सेविकेच्या मानधनातील वाटा ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये आणि मदतनिसाचा २,२५० रुपये ठरला. राज्य त्यात भर घालते, तरीही या बायकांना हक्कासाठी रस्त्यावर यावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला राज्यव्यापी संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. म्हणून एक गोष्ट ठरावात स्पष्ट असावी : दुपारचे काम सेविकेच्या किंवा मदतनिसाच्या गळ्यात फुकट मारायचे नाही. त्यांच्यापैकी कोणी ते स्वतःहून घेतले, तर वेगळे पैसे मोजायचे.

पण मुलांचा यात फायदा किती?

आईचा फायदा उघड आहे. तिला दिवसाची पूर्ण मजुरी मिळते. मुलांचे उत्तर इतके सरळ नाही आणि ते सरळ असल्याचे भासवणाऱ्यांपासून जरा सांभाळून राहिलेले बरे.

अमेरिकेत अर्ध्या दिवसाची की पूर्ण दिवसाची बालवाडी, यावर गेली कित्येक दशके वाद आहे. तिथल्या अभ्यासांचा २०१० मध्ये घेतलेला एक एकत्रित आढावा सांगतो, की पूर्ण दिवस बसलेली मुले वर्षाअखेरीस पुढे असतात, पण तिसरीपर्यंत ती आघाडी जवळजवळ पुसली जाते. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर देऊ केले. कामावर जाणाऱ्या आया वाढल्या, पण घाईने वाढवलेल्या व्यवस्थेत मुलांची चिडचिड आणि आक्रमकपणाही वाढल्याचे अर्थतज्ज्ञांनी नोंदवले. नुसते तास वाढवून मूल हुशार होत नाही.

आपल्याला जवळचा दाखला तमिळनाडूचा आहे. तिथे ३२० अंगणवाड्यांत केलेल्या प्रयोगात निम्म्या ठिकाणी अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती दिली. तिने फक्त मुलांना शिकवायचे, म्हणजे सेविकेला आहार आणि आरोग्याकडे लक्ष देता येईल. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासात अठरा महिन्यांनी मुलांचे गणित आणि भाषा सुधारलेली दिसली. केंद्रात टिकून राहिलेल्या मुलांमध्ये खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणही घटले. नवी इमारत नाही, टॅबलेट नाही, आणखी एक बाई एवढाच बदल. पाच वर्षांखालील शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात दिसले होते. अशा राज्यात या ‘आणखी एक बाई’ची किंमत मोठी आहे.

म्हणून वेळापत्रकात एक छोटी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. दुपारची बाई सेविका गेल्यावर येऊ नये, तासभर आधी यावी. त्या तासात एकीने पाच वर्षांच्या मुलांना घेऊन बसावे, दुसरीने धाकट्यांना भरवावे. नंतरच्या वेळेत झोप, खाऊ, गोष्ट आणि मातीत खेळ. अक्षरे गिरवून घ्यायची नाहीत.

हे शेवटचे वाक्य ग्रामसभेत पटवणे सगळ्यात अवघड जाईल. कारण पालकांच्या डोळ्यासमोर चित्र आहे ते पिवळ्या गाडीचे, टायचे आणि ‘एलकेजी’च्या वह्यांचे. ज्यांना परवडते, ते तालुक्याच्या गावी मुले पाठवतात. ज्यांना परवडत नाही, तेही कर्ज काढून पाठवू पाहतात. ‘दिवसभर ठेवताय तर एबीसीडी का शिकवत नाही?’ हा प्रश्न हमखास येणार. तीन वर्षांच्या मुलाला दुपारी झोपेची गरज वहीपेक्षा जास्त असते, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तर कदाचित पटेल. औंढ्याच्या रुग्णालयातून कोणी एका सभेला येत असेल, तर जरूर बोलवावे.

विरोध कशाला होईल?

‘आजी असते की घरात.’ असते, पण अनेक घरांत आजीही वेचणीला जाते. जी घरी असते, तिचे गुडघे तीन वर्षांच्या पोरामागे धावण्याजोगे नसतात.

‘आधी रस्ता, आधी पाणी.’ पण त्यांच्यासाठी वेगळा निधी असतो. महिला-बालकल्याणाचे दहा टक्के रस्त्यावर घालता येत नाहीत. त्यामुळे इथे स्पर्धा पाळणाघर आणि रस्ता यांच्यात नाहीच. ती पाळणाघर आणि खुर्च्या यांच्यात आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हे काम सरकारचे, ते गावाने अंगावर घेतले तर सरकार हात झटकून मोकळे होईल. राज्याने २०२५-२६ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद केली. बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार येणे ही छोटी गोष्ट नाही आणि तिने ते कसे खर्चावेत हे कोणी शिकवू नये. पण समजा, मुलामुळे अर्धी मजुरी बुडून दिवसाला दीडशे रुपयांचे नुकसान होत असेल, तर दहा दिवसांतच ते दीड हजार संपतात. सरकारने एका हाताने पैसे द्यावेत आणि दुसऱ्या हाताने दुपारी अंगणवाडीला कुलूप लावावे, हा हिशेब बाईला परवडणारा नाही.

कर्नाटकने २०२३-२४ मध्ये ‘कूसिना मने’ योजनेतून चार हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरे उघडायची घोषणा केली, ती मुख्यतः रोजगार हमीच्या कामावर येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, आपण या बाबतीत थोरले. तरी पंचायतीमार्फत पाळणाघर चालवण्याचे धडे आता शेजाऱ्याकडून घ्यावे लागणार आहेत. गावाने ठरावात दोन हंगामांची मुदत घालावी, किती मुले आली, किती दिवस आली, वजने किती वाढली याची वही ठेवावी आणि त्या वहीसह ‘पाळणा’साठी जिल्हा परिषदेकडे मागणी लावून धरावी. नुसत्या अर्जापेक्षा चालू असलेल्या केंद्राला नाकारणे अधिकाऱ्याला अवघड जाते.

आता काय करता येईल?

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याचा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. या वेळी ती वेचणीला जाणाऱ्या बायकांच्या वेळेत, म्हणजे संध्याकाळी, घ्यावी लागेल. किती मुले येतील आणि घरामागे पाच रुपये द्यायची तयारी आहे का, हे तिथेच मोजले जाईल. मग ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात दहा टक्क्यांच्या रकाण्यात मानधन आणि खाऊ असे स्पष्ट शब्द लिहून घ्यावेत. ‘इतर’ असे लिहिले, की पुन्हा खुर्च्या येतात.

घरपट्टी थकवणाऱ्यांच्या घरातली मुलेही यात येतील. त्यांना अडवू नये, मात्र थकबाकीची यादी वाचताना दुपारच्या खाऊचा हिशेबही त्याच सभेत वाचावा.

आणखी एक बाब किरकोळ वाटेल, पण काम तिथेच अडण्याची शक्यता जास्त. अंगणवाडीची खोली बालविकास खात्याच्या ताब्यात असते आणि किल्ली सेविकेकडे. दुपारनंतर खोली दुसऱ्या बाईच्या हवाली करायची, तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागेल आणि मूल पडले, लागले तर जबाबदारी कोणाची, हेही त्या पत्रात यावे लागेल. ते पत्र ऑगस्टच्या ग्रामसभेनंतर लगेच मागितले, तर कापूस फुटेपर्यंत हातात येईल.